नऊ खिशांचा फळा

धम्मानंद खिल्लारे गुरुजींनी आयुष्यात स्वतःच्या मर्जीने निवडलेली एकच गोष्ट म्हणजे त्यांची मिशी, आणि तीही लग्नानंतर गेली. बाकी सगळं त्यांना रेशनच्या धान्यासारखं मिळालं, पोत्यात जे असेल ते. डी.एड. करायचं हे वडिलांनी, नरसिंगरावांनी, ठरवलं. नरसी नामदेवला यात्रेकरूंना चहा पाजून पाजून नरसिंगरावांचं असं पक्कं मत झालं होतं की जगात दोनच धंदे चालतात, एक देवाच्या दारातला आणि दुसरा सरकारच्या दारातला. देवाच्या दारात आपण बसलोच आहोत, पोराने सरकारच्या दारात बसावं. बायको मामांनी बघितली. मोटारसायकलचा रंग मेव्हण्याने पसंत केला. हिंगोलीत प्लॉट कुठल्या नगरात घ्यायचा ते साडूने सांगितलं, आणि साडूचा प्लॉट शेजारचाच निघाला. गुरुजींना कोणी काही विचारलं नाही. विचारलं नाही म्हणून गुरुजी कधी रुसल्याचंही कोणाला आठवत नाही. पोटाने जरा पुढे आणि स्वभावाने जरा मागे, असा तो माणूस.

असा माणूस शेहेचाळिसाव्या वर्षी निवडीच्या प्रेमात पडला. त्याची ही गोष्ट.

पडला तो हिंगोलीच्या एका प्रशिक्षणात, दुपारच्या जेवणानंतरच्या तासाला. पुण्याहून आलेल्या एका तरुण बाईंनी फळ्यावर नऊ चौकोन काढले आणि सांगितलं, की धडा एकच ठेवा, पण तो शिकायच्या नऊ वाटा ठेवा. कोणी चित्र काढेल, कोणी मोजून येईल, कोणी गाणं रचेल, कोणी कोणाची तरी मुलाखत घेईल. वाट मुलाला निवडू द्या. स्वतः निवडलेलं काम मूल अर्धवट सोडत नाही. समोरचे शंभरेक गुरुजी एका तालात माना डोलावत होते, त्यामुळे बाईंना वाटलं की सगळ्यांना पटतंय. वास्तविक जेवणात बुंदी होती. जागे होते ते एकटे खिल्लारे गुरुजी. ते नऊ चौकोनांकडे असे बघत राहिले, जसं एखादं लेकरू मिठाईच्या काचेला नाक लावून बघतं.

त्यांची शाळा सेनगाव तालुक्यात, साखऱ्याच्या पलीकडे, टेंभुरदरा तांड्यावर. दोन खोल्या, एक हातपंप, चार वर्ग आणि एक गुरुजी. दुसऱ्या गुरुजींची जागा भरलेली होती, पण कागदावर. ते गुरुजी स्वतः कुठल्यातरी ऑफिसात दुसऱ्या कागदावर काम करत. तांड्यावर सगळी बंजारा वस्ती. लेकरं घरी गोरमाटी बोलणार आणि शाळेत आली की पुस्तकातली मराठी अशी वाचणार जणू उन्हात तापलेल्या खडीवरून अनवाणी चालतायत. तोंडाने "व्हय गुरुजी" आणि डोळे खिडकीबाहेरच्या माळावर. मधल्या सुट्टीत खिचडी खाल्ली की अर्धा वर्ग त्या माळावरच गेलेला असे.

आणि पट घसरत होता. पट घसरला की शाळा शेजारच्या गावाला जोडायची, असं साहेब लोक मीटिंगमध्ये हळूच बोलत. पावसाळ्यात मधला ओढा भरला की शेजारचं गाव लंडनइतकं लांब होतं, हे साहेब लोकांच्या नकाशावर दिसत नसे. तांड्यावरची लेकरं तांड्यावरच्या शाळेत टिकवायची, एवढंच गुरुजींना हवं होतं. त्यासाठी त्यांनी नऊ चौकोनांचा ध्यास घेतला.

पहिला फळा त्यांनी पुठ्ठ्याचा केला. तो शेळीने खाल्ला. पूर्ण नाही, गणिताचे दोन चौकोन खाल्ले आणि चित्रकलेला तोंड लावलं नाही. मग चौथीतल्या दिपाची आजी शकुंतलाबाई पुढे आली. तिने जुन्या घागऱ्याचा घेर उसवला, त्यावर नऊ खिसे शिवले, खिशांच्या कडेला कवड्या लावल्या आणि प्रत्येक खिशावर एकेक आरसा टाचला. भिंतीवर टांगल्यावर ते प्रकरण असं झळकलं की गुरुजींना क्षणभर चप्पल काढावीशी वाटली.

"खिसे तर शिवले गुरुजी," शकुंतलाबाई म्हणाली, "पर त्यात घालायला तुमच्यापाशी काही हाये का?"

"हाये ना आजी. नऊ कामं हाये. लेकरानं यायचं, आवडंल ती चिठ्ठी काढायची, ते काम करायचं."

"अन् न्हाई आवडलं कोनतंच?"

"असं कसं होईल?"

"आमाला तर साठ वरसात घरचं कोनतंच काम न्हाई आवडलं," शकुंतलाबाई म्हणाली आणि सुई-दोरा घेऊन निघून गेली.

पहिल्या दिवशी गुरुजींनी वर्गाला समजावून सांगितलं आणि ते हात बांधून बाजूला उभे राहिले. कोणी हलेना. मग दिपक उठला. दिपक म्हणजे तांड्याच्या नाईकाचा, थावरा नाईकाचा, नातू. त्याने 'चित्र काढा' ही चिठ्ठी काढली. त्याच्यामागे सगळा वर्ग उठला आणि सगळ्या वर्गाला चित्रच काढायचं होतं. दुसऱ्या दिवशी दिपकने मातीकाम घेतलं. शाळेत माती पुरेना. तिसऱ्या दिवशी दिपक तापाने आला नाही, तर वर्ग फळ्यापुढे तसाच बसून राहिला.

गुरुजींच्या डोक्यात उजेड पडायला तेवढा वेळ लागला. तांड्यात लग्नाची सुपारी असो की पेरणीचा मुहूर्त, आधी नाईकाचं घर आणि मग बाकीची घरं, ही पिढ्यांची चाल. लेकरं ती आईच्या दुधाबरोबर प्यायली होती. गुरुजींनी फर्मान काढलं की दिपक सगळ्यात शेवटी चिठ्ठी काढणार.

दुसऱ्या दिवशी सकाळीच थावरा नाईक शाळेत हजर. डोक्याला पागोटं, हातात काठी, आणि चेहऱ्यावर ते गोड हसू, जे बघितलं की तांड्यातली माणसं आपोआप जागा करून देतात.

"गुरुजी, माझ्या घरचं लेकरू शेवटी काहून?"

"नाईक, तो आधी उठला की बाकीचे त्याचीच नक्कल करत्यात. मंग त्यांना सोताचं डोकं हाये का न्हाई, ते कसं कळावं?"

"नक्कल केली तर बिघडलं कुठं? माझ्या बापानं घराचं दार उगवतीला पाडलं, ते बघून समद्या तांड्यानं उगवतीला पाडलं. समद्यांच्या घरात सारखंच ऊन येतं."

"अन् वारा?"

नाईक विचारात पडला. "वारा मावळतीकडून येतो," त्याने कबूल केलं. "म्हणून तर समदे बाहेर झोपतो." मग तो मोठ्याने हसला, काठी टेकत उठला आणि म्हणाला, "बरं, घ्या त्याला शेवटी. शाळा तुमची. शाळंतलं आमाला काय कळतं? तिथं तुमी म्हणाल ते बराबर."

गुरुजींना हा आपला विजय वाटला. त्यांनी तो त्याच दिवशी वर्गात पेढे वाटून साजरा केला. नाईक जाता जाता नेमकं काय बोलून गेला, याच्यावर त्यांनी जरा विचार केला असता तर बरं झालं असतं. पण पेढे खाताना कोण विचार करतं?

यानंतरचे काही महिने गुरुजींच्या नोकरीतले सगळ्यात सुखाचे. सहासात आठवडे लेकरं चुळबुळली आणि मग एकेकाला आपापला खिसा सापडत गेला. एका पोराला चुका शोधायचं काम इतकं आवडलं की तो पुस्तकातल्या संपल्या म्हणून गुरुजींच्या शोधायला लागला. दिपकला शेवटी राहायची सवय झाली आणि उरलेल्या चिठ्ठीतून त्याला कळलं की आपल्याला गोष्ट सांगता येते. खिचडीनंतर माळ ओस पडू लागला. आणि दिपा.

दिपा ही देवला राठोडची थोरली. तिच्यामागे प्रेमदास, तिसरीत. आधी ती वर्गात भिंतीला लागून अशी बसे की भिंतीचाच भाग वाटे. फळा आल्यावर कळलं की ती गप्प नव्हती. तिला कोणी काही विचारलंच नव्हतं. 'पाणी' या धड्याला तिने 'मोजून या' ही चिठ्ठी काढली आणि सकाळपासून हातपंपाजवळ बसली. दुपारी वर्गात उभी राहून तिने सांगितलं, "पाणी न्यायला समद्या बाया अन् पोरी आल्या. बाप्या मानूस एकच आला. दिपक. तो पाणी पिऊन गेला."

वर्ग हसला. गुरुजी सगळ्यात मोठ्याने हसले आणि घरी जाताना मोटारसायकलवरही हसत राहिले.

घरी मात्र त्यांच्या फळ्याला फारसा भाव नव्हता. त्यांची बायको प्रमिला एका पतसंस्थेत कॅशियर, त्यामुळे समोरचा माणूस बोलत असताना त्याच्याकडे न बघण्याची कला तिला साधलेली होती. त्यांची थोरली सपना नववीला, सरकारी कन्याशाळेत. धाकटा तक्षशील हिंगोलीतल्या एका इंग्रजी शाळेत. बूट, टाय आणि पाठीवर त्याच्याहून मोठं दप्तर. सपनाच्या वेळी ऐपत नव्हती, असं घरात बोललं जाई. तक्षशीलच्या वेळी जमाना बदलला होता, असंही बोललं जाई. त्याला शाळेत घालायच्या वेळी गुरुजी एकदाच चाचरत म्हणाले होते, "आपण याला माझ्या शाळेत घातलं तर? रोज सोबतच जाऊ."

"तुमच्या प्रयोगाला दुसऱ्यांची लेकरं घ्या," प्रमिला कुकरचं झाकण लावत म्हणाली होती.

विषय तिथे संपला. गुरुजींना तो संपला याचं जरासं बरंच वाटलं होतं, पण हे त्यांनी स्वतःलाही सांगितलं नाही.

मार्च महिन्यात तांड्यावर एक पांढरी गाडी आली. तालुक्याच्या गावात नवीन इंग्रजी शाळा निघाली होती. तिचे रतनसिंग नावाचे व्यवस्थापक स्वतः दारोदार फिरले. त्यांनी लेकरांना चॉकलेटं दिली आणि आईबापांना एक रंगीत कागद. त्यावर एक गोरं पोर दुर्बिणीतून आकाश बघत होतं. पुरेशी लेकरं मिळाली तर जूनपासून व्हॅन थेट तांड्यापर्यंत येईल, ओढ्यावरून सुद्धा येईल, असं रतनसिंगांनी छातीवर हात ठेवून सांगितलं.

तांड्यावरची निम्मी लेकरं गेली तरी शाळेला कुलूप. गुरुजींनी दोन रात्री विचार केला आणि पालकसभा बोलावली. भाषण करायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. लेकरंच दाखवतील. एकदा आईबापांनी आपल्या लेकराला त्या फळ्यापुढे उभं राहिलेलं बघितलं, की पांढरी गाडी आल्या पावली परत जाईल, याची त्यांना खात्री होती. केंद्रप्रमुख माणिकराव साहेबांनाही बोलावलं. माणिकरावांचा स्वभाव चांगला होता. त्यांना शाळेतलं काही कळत नसे, पण मोबाइलवर फोटो चांगले येत.

सभेला सगळा तांडा लोटला. पुढे थावरा नाईक, त्याच्या बाजूला देवला, मागे बाया, दारात शकुंतलाबाई. दिपकने गोष्ट सांगितली, टाळ्या पडल्या. कोणी गाणं म्हटलं, टाळ्या पडल्या. माणिकराव फोटो काढत होते. मग दिपा उठली. तिने 'मुलाखत घ्या' या खिशात हात घातला. चिठ्ठीवर गुरुजींच्याच सुंदर अक्षरात लिहिलेलं होतं: मोठ्या माणसाला तीन प्रश्न विचारा. ज्याचं उत्तर तुम्हाला माहीत नाही, तेच विचारा.

"कोणाची घेतीस?" गुरुजींनी कौतुकाने विचारलं.

"तुमची."

सगळे हसले. गुरुजी खुर्ची पुढे ओढून ऐटीत बसले.

"तुमी गुरुजी काहून झाले?"

"वडिलांनी सांगितलं म्हणून."

"तुमाला आवडतं का?"

"आधी नव्हतं आवडत. आता लई आवडतं," गुरुजी म्हणाले, आणि ते खरं होतं.

दिपाने वहीत दोन्ही उत्तरं लिहून घेतली. तिसरा प्रश्न विचारताना तिच्या चेहऱ्यावर तिळभर खोडी नव्हती. तिला खरंच माहीत नव्हतं.

"तुमची लेकरं कोणत्या शाळंत जातात?"

बायांनी पदर तोंडाला लावले. तांड्यावरच्या मोठ्या माणसांना हे कधीपासून माहीत होतं. हिंगोली काही लंडनला नाही. पण पाहुण्याच्या ताटात काय पडलंय ते बघू नये, तशी त्यांनी ही गोष्ट बघितली नव्हती.

खोटं बोलावं असं गुरुजींच्या मनात आलं आणि गेलं. मग ते बोलायला लागले. एकदा बोलायला लागल्यावर त्यांना थांबता येईना. घरात माणूस एकटा ठरवत नसतो, हिंगोलीतली परिस्थिती वेगळी, बायकोची नोकरी, शाळेची वेळ, गाडीची सोय. तक्षशील इंग्रजी शाळेत आहे, हे वाक्य त्यांनी एवढ्या वाक्यांच्या मध्ये घातलं की जणू ते गर्दीत हरवून जाईल. हरवलं नाही. माणिकरावांनी मोबाइल खिशात ठेवला.

आणि तेव्हा गुरुजींना सुचलं. बुडत्याला काडी सापडावी तसं सुचलं. ते ताडकन उठले आणि छाती पुढे काढून म्हणाले, "पण माझी मुलगी! माझी थोरली मुलगी सपना पहिलीपासून सरकारी शाळेत आहे! तिच्यात काय कमी आहे? हुशार आहे! माझा या शाळांवर विश्वास नसता, तर मी माझी मुलगी घातली असती का?"

त्यांना वाटलं, झालं. जिंकलो.

थावरा नाईक काठीवर हनुवटी टेकून ऐकत होता. त्याने मान हलवली. ते गोड हसू त्याच्या चेहऱ्यावर पसरलं आणि त्यात खरोखरच काही वाईट नव्हतं.

"बराबर हाये," तो म्हणाला.

"काय बराबर, नाईक?"

"तुमी केलं ते. गुरुजी, आमी अडाणी मानसं. ती गाडी आल्यापासून तांड्याला तकलीफ होऊन राहिली, की घालावं का न घालावं. मला रोज इचारतात. आता शाळंतलं मला काय कळतं? म्या समद्यांना म्हणलं, शाळंच्या बाबतीत आपला नाईक म्हंजी गुरुजी. ते करतील ते आपन करू." त्याने मागे वळून तांड्याकडे बघितलं. "ऐकलं का रे? पोरगं तिकडं, पोरगी हिकडं. गुरुजीनं इचार करूनच केलं असंल."

"व्हय," देवला म्हणाला.

"व्हय, व्हय," मागून आवाज आले. एका बाईने तर सुटकेचा श्वास सोडला. एवढे दिवस डोक्याला घोर होता, तो गुरुजींनी मिटवला.

"नाईक, तसं नव्हं!" गुरुजी ओरडले. "माझं सोडा! मी चुकलो असंन! तुम्ही सोताचं सोता ठरवा ना! एवढे दिवस लेकरांना मी हेच शिकवून राहिलो..."

"लेकरांना शिकवा गुरुजी," नाईक मायेने म्हणाला. "आमी म्हातारे झालो."

पुढचं सगळं जसं व्हायचं तसंच झालं. एप्रिलमध्ये पोरांची नावं व्हॅनला लागली. दिपक, प्रेमदास, चुका शोधणारं ते पोर, सगळे. गुरुजी घरोघर फिरले. प्रत्येक घरात त्यांना चहा मिळाला, बसायला घोंगडी मिळाली आणि "तुमच्यावानीच केलं गुरुजी" हे वाक्य मिळालं. कोणी टोमणा मारला असता तर त्यांना भांडता आलं असतं. तांडा खरोखर त्यांचा मान ठेवत होता.

देवलाच्या घरी ते जरा जास्त वेळ बसले.

"देवला, एकाला पाठवायचं तर दिपाला पाठव ना. तिला शिकायची भूक हाये."

"हाये ना," देवला म्हणाला. "म्हणून तर तुमच्यापाशी ठेवली. तुमी चांगलं शिकवता."

"मंग प्रेमदासला काहून काढलं?"

देवलाने त्यांच्याकडे असं बघितलं, जसं आपल्याच आरशाला कोणी विचारावं की तू कोण. "तुमी तक्षशीलला काहून न्हाई ठेवलं?" तो म्हणाला, आणि आत आवाज दिला, "ए, गुरुजीला अजून चहा आन."

मे महिन्यात हिंगोलीत कार्यक्रम झाला. माणिकराव साहेबांचे फोटो वरपर्यंत पोचले होते. उपक्रमशील शिक्षक म्हणून गुरुजींना शाल, श्रीफळ आणि काचेच्या चौकटीतलं प्रमाणपत्र मिळालं. मंचावरच्या बॅनरवर टेंभुरदऱ्याचा कवड्यांचा फळा हत्तीएवढा छापला होता आणि खाली लिहिलं होतं, 'निवड माझी, शिक्षण माझं'. पुढच्या वर्षीपासून हा फळा सगळ्या शाळांत सक्तीचा करण्यात येत आहे, असं एका साहेबांनी जाहीर केलं. प्रत्येक खिशात कोणती चिठ्ठी असेल आणि ती कोणत्या वारी काढायची, याचं वेळापत्रक लवकरच येणार होतं. टाळ्या पडल्या. गुरुजींनी शाल सावरली. उकाडा इतका होता की शालीच्या आत त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता.

"आता खूश का?" परतताना प्रमिलाने विचारलं. ती त्या दिवशी खरंच त्यांच्याकडे बघून बोलली.

"शाळा बंद नाही झाली," गुरुजी म्हणाले. "पट जेमतेम बसतो. दोन पोरी शेजारच्या वस्तीवरच्या मिळाल्या."

"मग झालं तर."

"सगळ्या पोरी आहेत."

"पोरी अभ्यासाला चांगल्या," प्रमिला म्हणाली.

जूनमध्ये शाळा उघडली. सकाळी व्हॅनने हॉर्न वाजवला. बूट घातलेली पोरं धावत सुटली. दिपकचा टाय मागच्या बाजूला लोंबत होता. प्रेमदास नवीन दप्तराच्या वजनाने मागे कलत होता, म्हणून दिपाने ते दप्तर गाडीपर्यंत उचलून नेलं, त्याला आत बसवलं, दार लावलं आणि मग ती शाळेत आली. तांड्यावरची शाळा आता पाचवीपर्यंत झाली होती. पाचवीच्या वर्गात ती आणि आणखी एक पोरगी.

गुरुजी सकाळपासून उत्साहात होते, म्हणजे तसे दिसत होते. त्यांनी सगळ्या चिठ्ठ्या नवीन लिहिल्या होत्या, रंगीत पेन वापरले होते. एकेक पोर उठून आपली चिठ्ठी घेऊन गेली. दिपा बसून होती.

"दिपा, तुझी पाळी."

ती उठली, फळ्यापुढे उभी राहिली. खिशांवरून तिची नजर एकदा फिरली, वरपासून खालपर्यंत.

"काय घेतीस? मोजायचं घे. न्हाईतर नवीन आहे बघ, नाटकाचं..."

"गुरुजी, घरी बापूला म्या म्हणलं होतं, मलाबी गाडीत जायाचं."

गुरुजींनी नाटकाची चिठ्ठी अर्धी बाहेर काढली होती, ती परत खिशात सारली.

"बापू म्हणला, तुमी सांगितलं, पोरगी हिकडंच ठेवा म्हणून." तिने त्यांच्याकडे बघितलं. रडत नव्हती. हातपंपावरचा हिशोब सांगताना जशी उभी होती, तशीच उभी होती. "तुमी सांगितलं व्हय?"

"मी... तसं नाही सांगितलं बाळा."

"मंग कसं सांगितलं?"

हा प्रश्न बाकीच्या पोरींनीही ऐकला. हातातल्या चिठ्ठ्या तशाच धरून त्या गुरुजींकडे बघत राहिल्या. गुरुजींना आठवत होतं त्यांनी काय सांगितलं होतं. शब्दन् शब्द आठवत होता, छाती किती पुढे काढली होती तेही. पण ते या पोरीला सांगता येण्यासारखं नव्हतं.

"दिपा, तू काम तर निवड," ते अखेर म्हणाले.

"तुमीच द्या," दिपा म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली.

त्यांनी स्वतः उठून तिला एक चिठ्ठी नेऊन दिली. तिने ती वाचली आणि कामाला लागली. काम तिने चोख केलं, सगळ्यांच्या आधी संपवलं, वही पुढे आणून ठेवली. तपासायला काही नव्हतंच; एक चूक नव्हती. गुरुजींनी तिला 'छान' असा शेरा दिला. तिने वही मिटली आणि खिडकीतून माळाकडे बघत बसली.

संध्याकाळी गुरुजी घरी आले, तेव्हा प्रमिला अजून यायची होती. समोरच्या खोलीत तक्षशील मोबाइलवर गाड्यांची शर्यत खेळत होता. त्याच्या शाळेने 'प्रोजेक्ट' दिला होता. तो प्रोजेक्ट सपना खिडकीजवळ बसून करत होती. जाड कागद, कात्री, रंग आणि पृथ्वीचा एक कापलेला गोल. ती दहावीला होती आणि तिचं स्वतःचं दप्तर कोपऱ्यात न उघडलेलं पडलं होतं.

गुरुजी तिच्याजवळ जाऊन उभे राहिले.

"सपना, याला त्या शाळेत घातलं, तेव्हा... तुलाही जायचं होतं का?"

सपनाचा ब्रश थांबला नाही. समुद्राचा निळा रंग ती कडेपर्यंत जपून नेत होती.

"आता काहून विचारून राहिले, पप्पा?"

"असंच."

"मग असू द्या," ती म्हणाली. "आणि जरा सरका बाजूला. उजेड अडतोय."

गुरुजी सरकले.